दूरच्या विद्यार्थ्याचा प्रश्न

या घटकेला मी बोलतो आहे आणि तुम्ही ऐकता आहात. माझे एखादे वाक्य तुम्हांला पटले नाही, किंवा मुळात कळलेच नाही, तर तुम्ही काय कराल? रेडिओला विचारून उपयोग नाही. फार तर शेजारी बसलेल्याला विचाराल, नाहीतर केंद्राला दोन ओळींचे पत्र टाकाल. रेडिओची ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. बोलणारा एकीकडे, ऐकणारा दुसरीकडे, आणि मधली वाट एकाच दिशेची.

या अडचणीवर आपल्याच मुलखात एकदा फार चांगला तोडगा निघाला होता. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने गावोगाव रेडिओ ऐकणारी शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. पुणे, नाशिक, अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा, अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र जमत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग रेडिओ बंद करून आपापसांत चर्चा करत. चर्चेत काय निघाले आणि कोणते प्रश्न उरले, हे मंडळाचा चिटणीस लिहून पुण्याला धाडी. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्याची उत्तरे येत. प्रयोग दहाच आठवड्यांचा, पण पुढे देशात इतरत्रही तशी मंडळे निघाली. गंमत पाहा, तिथे नवे यंत्र कोणतेच नव्हते. नवी होती ती ऐकणाऱ्याला उलट विचारता येण्याची सोय.

ही जुनी हकीकत काढण्याचे कारण असे, की आज मला इंटरनेटवरच्या बोलण्याविषयी सांगायचे आहे. ज्याला आपण व्हिडिओ कॉल म्हणतो, कोणी झूम म्हणतो, कोणी गूगल मीट म्हणतो, त्याचा कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या शिकवणीत उपयोग कसा करावा, हा आजचा विषय आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल. काही जण स्वतः शिक्षक असाल. आणि काही जण शेती किंवा नोकरी सांभाळून बहिःस्थ परीक्षा देत असाल. या तिघांशीही मला बोलायचे आहे.

दुरून बोलून शिकवण्याची कल्पना काही इंटरनेटने आणली नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९६५ सालीच टेलिफोनच्या तारांचे एक जाळे विणून गावोगावच्या डॉक्टरांना शिकवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे शिक्षणासाठी म्हणून खास एज्युसॅट हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडला गेला. या साऱ्याला पैसा लागे, खास खोल्या लागत, यंत्रे सांभाळणारी माणसे लागत. इंटरनेटवरच्या बोलण्याने हा डोलारा खिशात आणून ठेवला. २००३ साली स्काइप निघाले आणि संगणकावरून परदेशी फुकट बोलता येऊ लागले, तेव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते उचलून धरले. ते स्काइप आता राहिलेले नाही. ५ मे २०२५ रोजी ते बंद झाले. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे असे, की अमुक कंपनीचे बटण कुठे आहे हे शिकण्यात फार जीव गुंतवू नका. बटणे बदलतात. तास कसा चालवायचा हे एकदा हाताला बसले की कोणत्याही बटणावर तो चालतो.

आता हे यंत्र बोलते कसे ते थोडक्यात पाहू. तुमचा आवाज फोनमध्ये शिरला की त्याचे आकडे होतात, आणि एका सेकंदाच्या बोलण्याचे साधारणपणे पन्नास तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक असतो, टपालाच्या पाकिटावर असावा तसा. ही पाकिटे इंटरनेटच्या वाटांनी धावतात, आणि पलीकडचा फोन ती क्रमाने लावून त्यांचा पुन्हा आवाज करतो. एखादे पाकीट वाटेत गहाळ झाले तर ते बहुधा परत मागवत नाहीत. कारण उशिरा आलेला तुकडा म्हणजे पंगत उठल्यावर वरण घेऊन आलेला वाढपी! त्याचा काय उपयोग? एखादा कागद पाठवायचा असला तर त्यातले अक्षर न् अक्षर पोचावे लागते, मग पाच मिनिटे लागली तरी चालते. बोलण्यात तेवढा दम नसतो. म्हणून रेंज कमी झाली की आवाज फाटतो, मधले शब्द गळतात, आणि पलीकडचा विचारतो, ‘सर, ऐकू येतंय का?’

हे कळले की शिकवण्याची रीत आपोआप बदलते. लांबलचक वाक्यातला एक मोक्याचा शब्द गळला की सगळे वाक्य वाया जाते. म्हणून वाक्ये लहान हवीत. आकडे, सूत्रे, माणसांची नावे नुसती तोंडी सांगून भागत नाही, ती लेखी आधीच मुलांच्या हाती असली पाहिजेत. आणि प्रश्न विचारल्यावर थांबायला हवे. वर्गात आपण दोन सेकंद थांबतो, इथे निदान दहा थांबा. मुलाला म्यूट काढायचे असते, घरातल्यांना जरा हळू बोलायला सांगायचे असते, आणि मुख्य म्हणजे धीर गोळा करायचा असतो. ज्याला बोलायचे नाही त्याने आपला आवाज बंद ठेवावा, हे तर आता सगळ्यांना ठाऊक आहे. एका घरातली फोडणी आणि दुसऱ्या घरातला कोंबडा साठ जणांच्या अर्थशास्त्रात आले की काय होते, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

ते ऐकले कधी? मार्च २०२० मध्ये. करोनामुळे देशभर टाळेबंदी लागली, कॉलेजांची दारे मिटली, आणि ज्या प्राध्यापकांनी जन्मात व्हिडिओ कॉलवर तास घेतला नव्हता त्यांना आठ-पंधरा दिवसांत तो घ्यावा लागला. त्या काळात ज्यांनी तास चालू ठेवले त्यांना नावे ठेवू नयेत. पण ज्या रीतीने ते तास झाले, ती रीत पुढे तशीच चालू ठेवावी असे मला मुळीच वाटत नाही. पडद्यावर साठ नावे, चेहरा एकही नाही, आणि प्राध्यापक महाशय पन्नास मिनिटे एकटेच बोलताहेत! हा तास रेडिओच्या भाषणाहून चांगला नव्हे, वाईटच. रेडिओवरचे भाषण निदान तुटत नाही, आणि ते ऐकायला रिचार्ज लागत नाही.

आणि रिचार्जची गोष्ट निघालीच आहे तर तिचा हिशोब मांडू या, कारण खेड्यातल्या घराला तो मांडावाच लागतो. नुसत्या आवाजाच्या कॉलला सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात असे धरा. म्हणजे तासाला ३६ एमबी. चित्रासकट सेकंदाला एक मेगाबिट धरला तर तासाला ४५० एमबी होतात. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाने चित्रासकट चार तास केले, तर १८०० एमबी झाले. म्हणजे चौथा तास पुरा व्हायच्या आतच पॅक संपला. तेच चार तास त्याने आवाजावर ऐकले तर सगळे मिळून १४४ एमबी. अशा वेळी ‘कॅमेरा चालू केलाच पाहिजे, नाहीतर हजेरी नाही’ असा दंडक घालणे म्हणजे त्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे आहे. शिवाय फोन एक आणि शिकणारी भावंडे दोन, असे असले की फोन बहुधा भावाच्या हाती जातो. बहिणीला तो रात्री, कामे आटोपल्यावर मिळतो. हे आई-वडिलांनी घरात पाहायला हवे. विद्यापीठाला ते दिसत नाही.

मग प्राध्यापकाने दुरून शिकवूच नये काय? तसे नव्हे. जे एकतर्फी आहे ते कॉलवर आणू नये, एवढेच. व्याख्यान आधी ध्वनिमुद्रित करून पाठवावे, टिपणे पाठवावीत. मुलाने ती रात्री ऐकावीत, पहाटे ऐकावीत, रेंज असेल तेथे उतरवून घेऊन घरी ऐकावीत. आणि कॉलचा जो मोलाचा वेळ आहे तो रेडिओला जे जमत नाही त्यासाठी राखावा, विद्यार्थ्याचे ऐकण्यासाठी.

एक उदाहरण घेऊ. समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावातली एक बाई आहे. लग्न झाले, शिक्षण मागे पडले, आणि आता तिने मुक्त विद्यापीठात नाव घातले आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले ते अशाच माणसांसाठी. पुस्तके तिच्या घरी आहेत. त्यात संख्याशास्त्राचा धडा आहे, आणि तिथे ती अडली आहे. आपल्याच गोठ्यातल्या म्हशीचे पाच दिवसांचे दूध तिने उदाहरणाला घेतले: ८, १०, ९, ११ आणि १२ लिटर. सरासरी आली १० लिटर, बरोबर. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तिने रोजच्या दुधातून सरासरी वजा केली. उणे दोन, शून्य, उणे एक, अधिक एक, अधिक दोन. बेरीज केली तर शून्य! तिला वाटले, आपले काही चुकले. पुन्हा केली, पुन्हा शून्य. दुसरे आकडे घेतले, तरी शून्यच. पुस्तकात पुढची पायरी दिली आहे, पण जिचे मन या शून्यावर अडले आहे तिचे पुढच्या पायरीवर लक्ष कसे लागावे? तिने पुस्तक मिटले. अशी मिटलेली पुस्तके पुष्कळ घरांत आहेत, श्रोतेहो. ती ज्यांची आहेत ती माणसे मंदबुद्धी नाहीत. त्यांना वेळेवर एक माणूस भेटला नाही.

आता हीच बाई आठ-दहा जणांच्या कॉलवर आहे असे समजा. प्राध्यापक विचारतात, ‘ताई, कुठवर आलात?’ ती म्हणते, ‘सर, माझी बेरीज सारखी शून्यच येते. काहीतरी चुकतंय माझं.’ प्राध्यापक म्हणतात, ‘चुकत नाही. ती नेहमी शून्यच येणार. सरासरीच्या वर जेवढं, तेवढंच खाली. म्हणून तर आपण त्या आकड्यांचे वर्ग करतो, म्हणजे उणे चिन्ह जातं. करा पाहू.’ ती करते: ४, शून्य, १, १ आणि ४, बेरीज १०. पाचांनी भागले, २ आले. त्याचे वर्गमूळ सुमारे १.४१. हे त्या दुधाचे प्रमाण विचलन. रोजचे दूध सरासरीच्या आसपास किती खाली-वर होते त्याचे माप. सगळे मिळून चार मिनिटांचे काम. आणि बाकीच्या नऊ जणांपैकी चौघांची बेरीजही शून्य आली होती. त्यांनी विचारले नव्हते, इतकेच.

ही चार मिनिटे पन्नास मिनिटांच्या व्याख्यानात सापडत नाहीत. व्याख्यान देणाऱ्याला शून्यावर कोणी अडेल हे सुचतच नाही, कारण त्याला ते कळून वीस वर्षे झालेली असतात. विद्यार्थ्याने तोंड उघडल्याशिवाय ही गाठ दिसत नाही, आणि दहा जणांत जे तोंड उघडते ते साठांत उघडत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की साठांचा एक तास घेण्याऐवजी दहा-दहांचे सहा छोटे तास घ्यावेत, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांचे. प्राध्यापकांना हे वेळेच्या हिशोबात जड जाईल, हे मी जाणतो. पण व्याख्यान एकदाच ध्वनिमुद्रित केले की ते पुन्हा पुन्हा द्यावे लागत नाही, आणि तो वेळ इकडे वळवता येतो. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांनी सभा आपोआप बंद पडते. पुष्कळजण त्यावर कुरकुरतात. मला तर ती सोयच वाटते.

दुसरी एक गोष्ट पवईच्या आयआयटीकडून शिकण्यासारखी आहे. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने तिथे २००९ च्या सुमारास अभियांत्रिकी कॉलेजांतल्या अध्यापकांना इंटरनेटवरून शिकवण्याची मोठी योजना सुरू झाली. केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक योजनेतून तिला पैसा मिळाला, आणि अमृता विद्यापीठाने तयार केलेली ए-व्ह्यू नावाची प्रणाली वापरून पवईच्या वर्गाशी देशभरच्या कॉलेजांतली केंद्रे जोडली गेली. हजारो अध्यापकांनी त्यात भाग घेतला. यंत्राची बाजू तर नामी होतीच, पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाजू. प्रत्येक केंद्रावर एक स्थानिक समन्वयक असे, आणि त्याला कार्यशाळेच्या आधी पवईला बोलावून तयार केलेले असे. पडद्यावरचे व्याख्यान संपले की प्रात्यक्षिके आणि उजळणी तो समोरासमोर घेई. म्हणजे ज्ञान दुरून आले तरी हात धरणारा जवळच होता.

आपल्या तालुक्याच्या कॉलेजला किंवा अभ्यासकेंद्राला हे अशक्य आहे का? एक खोली, एक बऱ्यापैकी जोडणी, भिंतीवर एक पडदा, आणि तिथे बसणारा एक शिक्षक, मग तो कनिष्ठ महाविद्यालयाचा असो की हायस्कूलचा. ज्यांच्या घरी रेंज नाही ते पंधरा-वीस जण तिथे येऊन बसतील. कोणाची कळ कुठे दुखते हे त्या शिक्षकाला ठाऊक असते. लाजणाऱ्या मुलाचा प्रश्न तो आपल्या तोंडाने विचारील. १९५६ सालच्या मंडळातला चिटणीस हेच काम करीत होता, फक्त त्याला उत्तरासाठी दिवसचे दिवस वाट पाहावी लागे.

अशी खोली असली की आणखीही काही करता येते. आपल्याच भागातला एखादा मुलगा शिकून जर्मनीला किंवा अमेरिकेला गेलेला असतो. प्रवासखर्च करून त्याला व्याख्यानाला बोलावणे कॉलेजला झेपत नाही, पण एका सकाळी अर्धा तास तो खुशीने देईल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे घड्याळ आपल्या मागे असते, थंडीत साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा. आपल्या सकाळच्या आठला तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, तेव्हा ही वेळ दोघांना बरी पडते. फक्त त्याला भाषण करू देऊ नका. मुलांकडून पाच प्रश्न आधी मागवा, ते त्याला धाडा, आणि मराठीतच बोलायला सांगा. तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा इंग्रजीत विचारायला कचरतो. मराठीत तोच मुलगा इतके बारीक विचारतो की पाहुण्याला विचार करावा लागतो.

संशोधन करणाऱ्यांना या साधनाचा फायदा तर उघडच आहे. मार्गदर्शक एका गावी, विद्यार्थी दुसऱ्या गावी, आणि महिन्यातून एकदा एस.टी.ने दिवसभराची खेप. त्याऐवजी दर पंधरवड्याला अर्धा तास बोलणे चांगले. पीएच.डी.ची तोंडी परीक्षाही अशी घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये विद्यापीठांना तशी मुभा दिली, आणि तेव्हा गूगल, स्काइप यांची नावेही त्या सूचनेत होती.

जे या साधनाने होत नाही तेही सांगायला हवे. कृषी महाविद्यालयाच्या मुलाला मातीचा पोत बोटांत चोळूनच कळतो. रसायनाची प्रयोगशाळा पडद्यावर पाहून हात तयार होत नाही. आणि वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर जे शिक्षण चालते, ते कोणत्याही कॉलवर मी अजून पाहिलेले नाही. तेव्हा कॉल आला म्हणून कॉलेजे ओस पाडावीत, अध्यापकांच्या जागा भरू नयेत, असे कोणी सुचवू लागला तर त्याला स्पष्ट नाही म्हणावे. जो येऊ शकतो त्याने यावेच. कॉल आहे तो जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी, आणि जो शिक्षक इथे मिळत नाही त्याच्यासाठी.

शिक्षकांसाठी एक बारीकशी सूचना राहिली. बोलता बोलता एखाद्या विद्यार्थ्याचा कॉल तुटतो, आणि तुटतो नेमका त्याच्याच प्रश्नाच्या मध्यावर. आपण ‘गेला वाटतं’ असे म्हणून पुढे जातो. त्याने कदाचित आठवडाभर धीर करून तोंड उघडलेले असते. म्हणून तासाला बसताना हाताशी वही ठेवा, सगळ्यांचे फोन नंबर तीत आधीच लिहून ठेवा, आणि ज्याचा आवाज गेला त्याच्या नावापुढे खूण करा. तास संपला की त्याला साधा फोन लावा. त्याला रेंज थोडी असली तरी बहुधा पुरते. ‘तुमचा प्रश्न अर्धा राहिला होता, आता पुरा करा,’ एवढेच म्हणा, आणि मग ऐका.